धूर कसा हाय रं?

वेगाच्या काट्याच्या डाव्या अंगाला इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा असतो. आमच्या गाडीत तो गेल्या श्रावणात लागला तो विझेचना. आठवडाभर मी काणाडोळा केला. मग महाद्वार रोडवरून बोटाच्या पेराएवढा अंबाबाईचा स्टिकर आणला आणि बरोबर त्या दिव्यावर, काचेवरून चिकटवला. रात्री गाडी चालवताना देवीच्या मागून मंद पिवळा उजेड यायचा. बायको म्हणाली, "तुझ्या आळसात देवीला कशाला ओढलंस?" मी म्हटलं, राहू दे, छान दिसतंय.

गाडी २०१३ सालची, पेट्रोलवरची. पुण्यात नोकरीला होतो तेव्हा घेतलेली, त्यामुळे नंबर एम-एच बारा. कोल्हापुरात परत येऊन पाच वर्षं झाली तरी पार्किंगवाला पोरगा अजून "पुण्याचं पाव्हणं जरा फुडं घ्या" म्हणतो. बारा वर्षांत तिनं मला रस्त्यात कधी सोडलं नव्हतं. अशा गाडीवर माणूस वाजवीपेक्षा जास्त विश्वास टाकतो.

दिवा झाकला तरी बाकीच्या गोष्टी झाकायच्या राहिल्या. लिटरला सतरा देणारी गाडी बारावर आली. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला उभी असताना इंजिन एकदा वर, एकदा खाली, असं धापा टाकल्यासारखं करायला लागलं. आणि भिंत. आमच्या दारात गाडी मागच्या बाजूनं भिंतीला लागून उभी असते. महिनाभरात त्या भिंतीवर सायलेन्सरच्या उंचीला ताटाएवढा काळा डाग पडला. आईनं तो बोटानं पुसून बघितला. "काजळी हाय की रे ही. चुलीगत धुपतीया गाडी." आईनं आयुष्याची पहिली पन्नास वर्षं चूल फुंकली आहे. काजळीच्या बाबतीत मी तिच्याशी वाद घालत नाही.

गंमत अशी की रविवारी गगनबावड्याला गेलो तर तीच गाडी शहाण्यासारखी चालली. कळे सोडलं, रस्ता मोकळा झाला आणि धापा, वास, सगळं बंद. परत येताना शहरात शिरलो आणि तासाभराच्या ट्रॅफिकनंतर पुन्हा पहिल्यासारखं. शहर सोसत नाही हिला, असं मी घरी सांगितलं. नोकरी सोडून आलेल्या माणसाला हे निदान फार आवडतं.

पीयूसी संपली तेव्हा मात्र पळवाट राहिली नाही. सेंटरवरच्या मुलानं सायलेन्सरमध्ये नळी घातली. आमच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के. आकडा एकच्या वर गेला. "काका, बसत नाही." (काका म्हणवून घ्यायची सवय अजून व्हायचीय.) मग आवाज खाली आणून म्हणाला, "हायवेला शिरोलीपर्यंत ताणून आणा एकदा. चांगली तापली की बसंल." ताणून आणली. ०.२८ आले. कागद मिळाला, पण कॉपी करून पास झाल्यासारखं वाटत राहिलं. त्या पोराच्या एका वाक्यात आजाराचं नाव सांगून टाकलेलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. तापली की बसते.

आधी गेलो ते एका मोठ्या, गार हवेच्या सर्व्हिस सेंटरमध्ये. गाडी आत नेली, मला कॉफी दिली आणि वीस मिनिटांनी हातात टॅब घेतलेले एक गृहस्थ येऊन बसले. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा डबा, गेलाय म्हणाले. अंदाजे खर्च बेचाळीस हजार. गाडीची बाजारातली किंमत बघता हे म्हणजे म्हाताऱ्या बैलाला चांदीची शिंगं. मी विचारलं, कशावरून गेलाय? ते म्हणाले, "सर, सिस्टीम दाखवते." खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. प्रश्न विचारण्यापेक्षा पार्ट बदलणं सोपं, आणि त्यांना पगार पार्ट बदलण्याचाच मिळत असावा. कॉफी चांगली होती.

म्हणून उद्यमनगर.

कोल्हापूरबाहेरच्या माणसाला शिवाजी उद्यमनगर दाखवायला कुणी नेत नाही. रंकाळा दाखवतात, पन्हाळा दाखवतात, तांबडा-पांढरा खायला घालतात. पण हे गाव कसं चाललं ते बघायचं तर या गल्ल्यांतून चालावं. लेथवरून उडणारी बिडाची धूळ, वेल्डिंगचा निळा उजेड, दारात ओतलेल्या कास्टिंगचे ढीग, आणि एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये असं मशीन की तसं दुसरं कुठं नाही, कारण ते मालकानंच बनवलेलं. शेतातल्या पंपावर टुकटुकणारी ऑइल इंजिनं याच गावात बनायची. ऊस, पाणी, इंजिन आणि ओतकाम यांचं इथलं नातं जुनं आहे. एखादा भाग बाजारात मिळत नाही असं इथं कुणी म्हणत नाही. "करून देतो, संध्याकाळी या" म्हणतात.

मिस्त्री साठीचे. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. इंजिन चालू करायला लावलं, सायलेन्सरपुढं तळहात धरला आणि तो हात नाकाशी नेला.

"कच्चं पेट्रोल यायलंय. कन्व्हर्टर कोण म्हटलं?"

मी सांगितलं.

"त्येनं हुंगलं न्हाई म्हंजे."

त्यांचा भाचा पंचविशीतला, डिप्लोमा केलेला. त्यानं स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये काडेपेटीएवढा डबा खोचला आणि मोबाइलवर बघून म्हणाला, "पी शून्य एक तीन पाच. बँक वन, सेन्सर वन, हीटर." मामा लगेच म्हणाले, "मग? मी म्हटलं न्हाई?" ते असं काहीही म्हटलेले नव्हते. भाच्यानं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

"म्हणजे झालंय काय नक्की?"

"हिचं नाक गारठलंय," मिस्त्री म्हणाले.

यापेक्षा नेमकं मी नंतर कुठं वाचलं नाही, आणि नंतर मी बरंच वाचलं.

पूर्वी हवेत पेट्रोल किती मिसळायचं हे कार्बोरेटर ठरवायचा, आणि कार्बोरेटर कसा लावायचा हे मिस्त्री ठरवायचा. वडिलांच्या स्कूटरचा प्लग काढून ते उजेडात धरत. प्लगचं टोक काळं म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरं फटक म्हणजे कमी, बदामी म्हणजे बरोबर. मग स्क्रू पाव फेरा इकडं नाही तर तिकडं. तो पाव फेरा महिना दोन महिने पुरायचा. आता तेच काम सेकंदाला अनेकदा करायचं असतं. एक किलो पेट्रोल नीट जाळायला १४.७ किलो हवा लागते. एका लिटरचा हिशेब केला तर नऊ-दहा हजार लिटर हवा, म्हणजे आमच्या न्हाणीघरात मावते तेवढी सगळी. रंकाळ्याला एक चक्कर मारून आलं की गाडीनं निम्मं न्हाणीघर ओढून बाहेर फेकलेलं असतं. हवा थोडी कमी पडली तर धूर, थोडी जास्त झाली तर नायट्रोजनचे विषारी वायू. कन्व्हर्टर हे दोन्ही निस्तरतो, पण हवा-पेट्रोलाचं प्रमाण त्या १४.७ च्या अगदी जवळपास राहिलं तरच. म्हणून इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात, कन्व्हर्टरच्या आधी, कुणीतरी नाक खुपसून बसावं लागतं. तो ऑक्सिजन सेन्सर.

स्पार्क प्लगच्या थोरल्या भावासारखा दिसतो. पोलादी अंगाच्या टोकाला भोकं पाडलेलं टोपण आणि त्याच्या आत झिर्कोनियाची, म्हणजे चिनीमातीसारख्या एका सिरॅमिकची, अंगठ्याच्या टोकाएवढी टोपी. टोपीला आतून-बाहेरून प्लॅटिनमचा पातळ मुलामा. टोपीच्या बाहेरच्या अंगाला इंजिनाचा धूर, आतल्या अंगाला आपली साधी, गल्लीतली हवा. तीनशे अंशांच्या वर तापली की ही चिनीमाती ऑक्सिजनला आरपार जाऊ द्यायला लागते, आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये जितका फरक तितका विजेचा दाब तयार होतो. धुरात ऑक्सिजन जवळजवळ नसेल तर ०.९ व्होल्ट, उरलेला असेल तर ०.१. या फरकाचं गणित वाल्थर नेर्न्स्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८८९ मध्ये मांडून ठेवलं होतं. त्यांना पुढं १९२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मोटारीत हे नाक बसायला मात्र १९७६ उजाडावं लागलं. कॅलिफोर्नियाच्या कडक नियमांसाठी बनवलेल्या व्होल्वोत ते पहिल्यांदा आलं. आपल्याकडे ते यायचं तर आधी पेट्रोलमधलं शिसं जाणं भाग होतं, कारण शिसं प्लॅटिनमचा मुलामा मारून टाकतं. देशभर शिसंविरहित पेट्रोल झालं ते फेब्रुवारी २००० मध्ये. त्याआधी आम्ही कॉलेजची पोरं पंपावर उभं राहून तो वास आवडीनं घ्यायचो. आठवलं की आता पोटात गोळा येतो.

थंड नाकाला काहीच कळत नाही, म्हणून सेन्सरच्या पोटात एक छोटा हीटर असतो. गाडी चालू केली की मिनिटाच्या आत तो टोपी तापवतो. आमचा हीटर जळला होता. सेन्सर गार, म्हणून पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणाऱ्या कंट्रोल युनिटला (ईसीयूला) धुराची खबर नाही, म्हणून ते पाठ केलेल्या आकड्यांवर पेट्रोल सोडत बसलेलं, आणि कमी पडू नये म्हणून जरा सढळ हातानं. गगनबावड्याच्या रस्त्यावर मात्र धुराच्याच उष्णतेनं सेन्सर तापायचा आणि तेवढ्यापुरता गाडीला धुराचा वास कळायला लागायचा. शिरोलीपर्यंत ताणली की पीयूसी बसायची. शहरानं तिचं काही वाकडं केलेलं नव्हतं. तिला फक्त थंडी वाजत होती.

हे सगळं भाचा मला समजावत होता, मी मान हलवत होतो. मग तो म्हणाला, "सोप्पंय काका. सेन्सर धूर बघतोय आणि ईसीयूला सांगतोय. काळा आला, जाळ कमी कर. जाळ पडला, वाढव."

आणि मी छत्तीस वर्षं मागं गेलो.

भोगावतीच्या काठाला आमच्या थोरल्या चुलत्यांचं, आण्णांचं गुऱ्हाळ होतं. दिवाळीच्या सुट्टीत मी तिथं असायचो. घाण्यावर ऊस गाळला की रस हौदात, हौदातून काहिलीत. काहील म्हणजे चार माणसं आत बसतील एवढी लोखंडी कढई, चुलवाणावर मांडलेली. गुळव्या काहिलीच्या कडेला उभा. भेंडीचं चिकट पाणी घालून मळी वर आणायची, ती काढायची, रसाचा रंग बघत राहायचं, आणि शेवटी थेंब गार पाण्यात सोडून त्याची गोळी होते का ते बोटांनी चाचपायचं. सगळा मान त्याचा. चहा आधी त्याला.

पण काहिलीच्या मागच्या अंगाला, जमिनीत खणलेल्या खड्ड्यात, चुलवाणाच्या तोंडाशी दुसरा एक माणूस बसलेला असायचा. जळव्या. वाळलेली चिपाडं लांब काठीनं आत सारायची, एवढंच त्याचं काम. एवढंच म्हणायला. चिपाडं भसाभस कोंबली तर आतली हवा घुसमटते, धुराड्यातून काळा लोट येतो, जळण वाया जातं आणि रसाला आच लागत नाही. हात आखडला तर जाळ पडतो. दिवसभर घामानं भिजून तो या दोहोंच्या मधे काठी चालवत बसायचा, आणि त्याला पहिला चहा कुणी द्यायचं नाही. ही गोष्ट मला तेव्हाही खटकली होती, किंवा आता तसं वाटतंय.

त्याला खड्ड्यातून धुराडं दिसत नाही, म्हणून आण्णांनी मला एक काम दिलं होतं. अंगणापलीकडच्या चिंचेखाली बसायचं आणि धुरावर नजर ठेवायची. खड्ड्यातून आरोळी यायची, "पोरा, धूर कसा हाय रं?" आणि मी ओरडायचो, "काळाss!" किंवा "पांढराss!" किंवा, सगळ्यात आवडतं उत्तर, "न्हाईच!" धूर दिसतच नाही म्हणजे जाळ झकास लागलाय. मी ओरडलो की थोड्या वेळानं खरोखर धुराचा रंग बदलायचा. दहा वर्षांच्या पोराला एवढी सत्ता नंतर कधी मिळत नाही. काळा म्हटलं की तो हात आखडायचा, धूर पातळ व्हायचा, मग जाळ पडत आला की पांढरा, मग तो पुन्हा चिपाड सारायचा, पुन्हा काळा. एका जागी काहीच थांबायचं नाही. भाच्यानं मोबाइलवर दाखवलेल्या आलेखात चांगल्या सेन्सरची रेषा तशीच वरखाली नाचते. ठरलेल्या प्रमाणावर इंजिन कधी स्थिर बसत नाही, त्याच्या आजूबाजूला झोके घेत राहतं. तो झोका थांबला की समजायचं नाक गेलं.

माझं तेच झालं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी कुणीतरी मला गोष्टीचं एक पुस्तक दिलं. आरोळी आली, मी मान वर न करता ओरडलो, "काळा." पुन्हा आरोळी, पुन्हा "काळा." धूर काळा आहे की नाही हे मी बघितलंच नाही. पुस्तकात राक्षसाचा जीव पोपटात होता आणि पोपट अजून सापडायचा होता. मला आठवतो तो गुळव्याचा आवाज, "आरं जाळ कुटं गेला?" आणि सगळ्यांची पळापळ. ते आधण बिघडलं. रस फार वेळ रटरटत राहिला. गूळ वाफ्यात ओतला तो नीट धरलाच नाही. रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, काळपट आणि मऊ. आण्णा ते घेऊन शाहूपुरीत गेले. गुळासाठी म्हणून शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली ती पेठ, तिथं व्यापारी रव्यावर अंगठा दाबून बघतात. अंगठा आत गेला. रात्री ओसरीवर गुळाच्या भावाचं बोलणं चाललं होतं, मी गोधडीत कान देऊन पडलो होतो. मला कुणी एक शब्द बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मला पुन्हा चिंचेखाली बसवलं नाही, एवढंच.

हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. उद्यमनगरात, ग्रीसनं माखलेल्या स्टुलावर बसून, एका डिप्लोमावाल्या पोराला सांगून बसलो. तो म्हणाला, "म्हणजे तुमचा सिग्नल रिचला, जळण जास्त म्हणून, स्टक झालता. गाडीचं उलटं आहे." आणि मल्टिमीटर आणायला गेला. शास्त्राच्या माणसांचा हा कोरडेपणा मला आवडतो.

सेन्सरला चार तारा. दोन पांढऱ्या हीटरच्या, एक काळी सिग्नलची, एक राखाडी. आधी त्यानं हीटरचा फ्यूज बघितला, तो धड होता. मग दोन पांढऱ्या तारांना मीटरची टोकं लावली. चांगला हीटर काही ओहम दाखवतो. आमच्या मीटरनं काहीच दाखवलं नाही, म्हणजे आतली तार तुटलेली. बेचाळीस हजारांचा प्रश्न दोन सळ्यांनी दोन मिनिटांत निम्मा मिटला. निम्मा अशासाठी, की कन्व्हर्टर चांगला आहे हे अजून ठरायचं होतं.

सेन्सर आणायचं काम मी अंगावर घेतलं आणि तिथं शहाणपणा केला. गाडीच्या नेमक्या मॉडेलचा, सॉकेटसकट सेन्सर तीन हजारांच्या आसपास. दुकानदारानं दुसरा एक दाखवला, कुठल्याही गाडीला चालणारा, निम्म्या किमतीचा, फक्त जुन्या सेन्सरचं सॉकेट कापून तारा जोडायच्या. मी तो घेतला. घरी सोल्डरिंगची इस्त्री आहेच, मी म्हटलं, तारा मी पक्क्या करून आणतो.

मिस्त्रींनी माझ्या हातातून डबा काढून घेतला. "कथलाचा थेंब लावायचा न्हाई ह्याला. गुदमरून मरंल."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण टोपीच्या आतल्या अंगाला जी साधी हवा लागते ती येते कुठून? सेन्सरचं तोंड धुरात कोंबलेलं, अंग चहूबाजूंनी बंद. बऱ्याच सेन्सरांत ती हवा तारांमधून येते. तारेच्या बारीक धाग्यांमध्ये जी फट असते, तिच्यातून इन्सुलेशनच्या आतल्या आत हवा झिरपत टोपीपर्यंत पोचते. कथील वितळून त्या फटी भरल्या की बाहेरची हवा बंद. मग एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला शिळी हवा, आणि सेन्सर तुलना कशाशी करणार? जोड द्यायचाच तर तारा दाबून, क्रिंप करून द्यायचा. मी दुकानात परत गेलो आणि मुकाट्यानं सॉकेटवाला घेऊन आलो. त्या रात्री झोपेपर्यंत ते डोक्यात फिरत होतं. धुराची परीक्षा करणाऱ्याला स्वतःसाठी चिमूटभर बाहेरची हवा लागते, आणि ती येते त्याच तारेतून जिच्यातून तो बातमी पाठवतो. पुण्यात अठरा वर्षं मी एका ऑफिसात होतो. तिथल्या हवेत काय बिघडलंय हे मला कळायचं फक्त कोल्हापुरात दोन दिवस राहून परत गेल्यावर, सोमवारी सकाळी. बुधवारपर्यंत ते कळणं बंद व्हायचं. पण असो, गाडीचं बोलूया.

जुना सेन्सर निघेना. बारा वर्षं तापून-निवून त्याचे आटे एक्झॉस्टच्या बिडाशी एकजीव झालेले. सेन्सरचा नट बावीसचा, पण तारा मधे येतात म्हणून नेहमीचा रिंग पाना वरून घालता येत नाही. त्यासाठी बाजूला चीर असलेला सॉकेट मिळतो. मिस्त्रींनी तो विकत घेतलेला नाही. एक जुना बावीसचा रिंग पाना ग्राइंडरनं एका जागी कापून त्यांनी चीर पाडलीय, आणि मग तो फाकू नये म्हणून वरून एक पट्टी वेल्ड केलीय. आदल्या दिवशीच आट्यांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं. इंजिन चालू करून थोडं गरम केलं, बंद केलं. बीड कोमट असताना सैल पडतं, पण हात भाजेल इतकं तापवायचं नाही. पान्याला दीड फुटाचा पाइप लावला. भाच्यानं जोर लावला, हललं नाही. मामांनी पाइप हातात घेतला आणि जोर न लावता हातोडीनं पान्यावर बारीक टकटक सुरू केली. पाच मिनिटं नुसती टकटक. मग एक कर्रकन आवाज आला, दार उघडल्यासारखा.

"जोर काय, कुणीबी लावतंय," ते म्हणाले.

बाहेर आलेल्या सेन्सरचं टोक काळंकुट्ट, हात लावला तर काजळी. आमच्या भिंतीवरची तीच. मिस्त्रींनी तो माझ्या हातात दिला, आणि वडील प्लग जसा उजेडात धरत तसा मी तो धरला. धरल्यावर लक्षात आलं. शेजारच्या लेथवाल्याकडून अठरा एमएमचा टॅप आणून त्यांनी भोकातले आटे साफ केले. नव्या सेन्सरच्या आट्यांना कंपनीनंच काळपट मलम लावलेलं असतं, पुढच्या माणसाला तो सुटावा म्हणून. ते टोकाला लागू द्यायचं नाही, टोकाला बोटही लावायचं नाही. मी लावणार होतो. माझा हात हवेतच धरला त्यांनी.

घट्ट केला, सॉकेट खट् बसलं, भाच्यानं कोड पुसला, इंजिन चालू केलं. मोबाइलवर दोन रेषा. पहिली अर्धा मिनिट आडवी पडून राहिली, मग हलली, आणि मग ०.१, ०.९, ०.१, ०.९, लेझीम सुरू झाल्यासारखी. दुसरी रेषा कन्व्हर्टरच्या पलीकडच्या सेन्सरची. ती ०.७ च्या आसपास सरळ, शांत. भाचा म्हणाला, "हे बघा. आत नाच आहे, बाहेर शांत. कन्व्हर्टर टकाटक आहे. तो गेला असता तर बाहेरचा पण नाचला असता."

"हा दुसरा पण धूर बघतो? मग पहिला मेला तेव्हा यानं का नाही सांगितलं?"

"तो पेट्रोल ठरवत नाही. मुख्य काम पहिल्याचं. हा नुसता बघतो, कन्व्हर्टर जिवंत आहे का."

मजुरी पाचशे रुपये. मी सातशे दिले तर दोनशे परत केले.

दिवाळीच्या पाडव्याला आण्णांकडे गेलो. ते एक्याऐंशीचे आहेत. गुऱ्हाळ बंद होऊन पुष्कळ वर्षं झाली. ऊस कारखान्याला जातो. काहील विकली, चुलवाण मातीनं भरलं, धुराडं मात्र उभं आहे आणि त्याच्या वरच्या टोकाला पिंपळ उगवलाय. चहा झाल्यावर आम्ही तिथपर्यंत चालत गेलो. चिंच तोडलेली होती. मी म्हटलं, आण्णा, एक सांगायचं राहिलंय. आणि सांगून टाकलं. पुस्तक, पोपट, मान वर न करता ओरडलेले ते काळे.

आण्णा हसायला लागले, ते खोकला येईपर्यंत.

"आरं, त्येला काय धुराडं दिसत नव्हतं व्हय? खड्ड्यातनं मान वर केली की समोर. आदल्या साली पलीकडच्या गुऱ्हाळात एका पोराचा पाय पोळलाता रसानं. तू तर काहिलीपासनं हटायचा न्हाईस. म्हनून तुला तितं लांब बशीवला. जळव्याला म्हटलं, मधनं मधनं हाळी मार, पोरगं जागा सोडतंय का बघ."

"आणि तो गूळ?"

"कंचा गूळ?"

"मऊ पडलेला. शाहूपुरीला नेलेला."

ते थांबले. पिंपळाकडं बघत राहिले. "पाऊस झालता त्या साली दिवाळीत. उसाला पानी चढलं की रस पातळ येतो. सगळ्यांचाच गूळ मऊ पडला त्या साली."

पाऊस झाला होता का, मला आठवत नाही. ते एवढं थांबले का, तेही मी विचारलं नाही. आईला विचारता येईल, तिला साल न साल आठवतं. पण विचारलेलं नाही अजून.

जाताना आण्णा म्हणाले, मला वेशीपर्यंत सोड. पुढच्या सीटवर बसले, मी किल्ली फिरवली. किल्ली फिरवल्यावर इंजिन चालू व्हायच्या आधी गाडी स्वतःचे सगळे दिवे एकदा लावून बघते, त्यात तो पिवळाही असतो. देवीच्या मागं उजेड आला आणि इंजिन लागताच गेला.

"ही रं काय गंमत?" आण्णांनी वाकून बघितलं.

मी सांगितलं, दिवा आहे मागं, बिघाडाचा. आता दुरुस्त झालीय गाडी.

"मग देवी काढ की तितनं. दिवा दिसूदे."

बायको मागून म्हणाली, "लावलेली देवी काढत नाहीत, आण्णा."